चंचल चित्ताची कैफियत

मनुष्याचे चित्त स्थिर राहत नाही, ही तक्रार मनुष्याइतकीच जुनी आहे. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तविक्षेपाची नऊ कारणे सांगितली. त्यांत व्याधीला पहिले स्थान दिले, तर प्रमाद आणि आळस यांना पुढे बसविले. भाष्यकारांनी चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमिका वर्णिल्या. समर्थांनी मनाची समजूत घालण्यासाठी स्वतंत्र श्लोकरचना केली आणि दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगण्यास अख्खा समास खर्ची घातला. तेलुगू साहित्यात तर ‘अवधान’ ही एक कलाच होऊन बसली. आठ पृच्छक आठ दिशांनी प्रश्न विचारीत असता एकाचाही धागा न सोडता पद्यात उत्तरे देणारा अष्टावधानी तेथे सभा जिंकतो. मराठीतही चौफेर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला आपण अष्टावधानी म्हणतो.

परंतु ज्याला एकही अवधान धड साधत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी लोकव्यवहारात शब्दांची वाण कधीच नव्हती. आळशी, धांदरट, विसरभोळा, बेफिकीर, धरसोड वृत्तीचा. ही विशेषणे लहानपणी शिक्षक देतात, तरुणपणी वडील देतात आणि पुढे पत्नी व वरिष्ठ त्यांची उजळणी करतात. यांतील काही माणसांच्या मुळाशी स्वभावदोष नसून अवधानाचीच न्यूनता असते आणि तिच्यावर वैद्याकडे उपाय मागता येतो, हा विचार मात्र फार अलीकडचा आहे. त्यातही प्रौढ माणसाने असा उपाय मागावा, ही गोष्ट तर कालपरवाची.

या विचाराचा उगम अठराव्या शतकातील युरोपात सापडतो. 1775 साली मेल्किओर आडाम वाइकार्ड या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथात अवधानाच्या अभावावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. उपाय म्हणून त्याने थंड पाण्याचे स्नान आणि घोड्यावरची रपेटही सुचविली. 1798 साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टराने मनोविकारांवरील आपल्या द्विखंड ग्रंथात याच विषयाला हात घातला. कोणत्याही एका वस्तूवर मन स्थिर ठेवण्याची अक्षमता काहींना जन्मतःच असते आणि ती शिक्षणाच्या आड येते, हे त्याने ओळखले. मात्र वय वाढते तशी ही उणीव बहुधा कमी होते, असेही त्याने लिहून ठेवले. हे समाधान मोठे गोड होते. पुढील पावणेदोनशे वर्षे वैद्यकशास्त्र याच समजुतीच्या छायेत राहिले आणि त्याची किंमत प्रौढांनी मोजली.

1902 साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने ठीक, परंतु अनावर, उतावीळ आणि शिक्षेने न सुधारणाऱ्या मुलांविषयी ते बोलले. त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील दोष असे नाव दिले. आज हे नाव खटकेल. तथापि त्यांच्या विवेचनाचा रोख निराळा होता. घरचे संगोपन उत्तम असूनही मूल असे वागते, त्या अर्थी कारण संगोपनाबाहेर शोधले पाहिजे, असा तो रोख होता. छडीच्या प्रांतातून हा प्रश्न दवाखान्याच्या प्रांतात येऊ लागला, तो येथून.

पुढचा टप्पा योगायोगाने आला. 1937 साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या चार्ल्स ब्रॅडली यांनी 30 मुलांना बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. उत्तेजकाने मुले अधिक उधळतील अशी सर्वसाधारण अपेक्षा. प्रत्यक्षात त्यांतील निम्मी मुले शाळेच्या अभ्यासात एकाएकी रस घेऊ लागली. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये लेआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट हे द्रव्य सिद्ध केले. त्याची पत्नी मार्गरीट हिच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून ते पुढे ‘रिटालिन’ म्हणून बाजारात आले. अशा रीतीने औषध हाती आले, पण रोगाचे नाव अद्याप ठरावयाचे होते.

1968 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद ‘बाल्यावस्थेतील अतिचंचल प्रतिक्रिया’ अशी झाली. नावातच बाल्यावस्था होती, म्हणून मोठ्यांचा प्रश्न उद्भवतच नव्हता. 1972 साली कॅनडातील व्हर्जिनिया डग्लस यांनी दाखवून दिले की, मुलांची खरी अडचण हातापायांच्या वळवळीपेक्षा लक्ष टिकविण्याची आणि आवेग आवरण्याची आहे. 1980 च्या वर्गीकरणात ‘अवधानन्यूनता’ हा शब्द अधिकृत झाला. 1987 साली त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली आणि आज सर्वतोमुखी झालेले ‘एडीएचडी’ हे लघुरूप रूढ झाले.

मोठ्यांकडे लक्ष वळविण्याचे श्रेय अमेरिकेतील युटा येथील पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. 1976 साली त्यांनी प्रौढ रुग्णांवरील उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहाची वळवळ वयाबरोबर ओसरते, पण विसर, दिरंगाई, अर्धवट टाकलेली कामे आणि क्षणिक संताप मागे उरतात, हे त्यातून पुढे आले. 1980 च्या वर्गीकरणाने ‘अवशिष्ट प्रकार’ म्हणून याला एक कोपरा दिला. 2008 साली ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढांचे निदान व उपचार मान्य केले. 2013 साली अमेरिकन वर्गीकरणाने प्रौढांसाठी लक्षणांची अट शिथिल केली आणि लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, असा दंडक घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीस देशांतील पाहण्यांवर आधारलेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढांतील प्रमाण सुमारे 2.8 टक्के आढळले. म्हणजे शंभर माणसांच्या सभेत दोघे-तिघे.

या सर्व इतिहासाचा आदिलाबादशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो त्या ‘बाराव्या वर्षापूर्वी’ या चार अक्षरी वाटणाऱ्या अटीतच दडलेला आहे.

आदिलाबाद हा निझामी राज्याचा उत्तरेकडील वनमय प्रांत. गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी आणि उर्दू या भाषा तेथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. 2014 साली तेलंगणाचे राज्य झाले आणि 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा सरकल्या, तरी पैनगंगेच्या दक्षिणेकडील गावांत मराठी घरे राहिली ती राहिलीच.

येथे शाळा उशिरा आली. 1940 साली जोडेघाट येथे कुमराम भीम गोळीबारात पडले. त्यानंतर निझाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे गोंडांच्या गाऱ्हाण्यांचा अभ्यास सोपविला. त्यांच्या प्रयत्नाने 1943 साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. तरीही 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 61 टक्क्यांच्या आसपासच भरली. घरात शाळेची पायरी चढलेला पहिलाच माणूस, असे आजचे अनेक प्रौढ येथे आहेत.

अवधानाची कसोटी लागते ती शाळेत. गुरांमागे रानात हिंडणाऱ्या मुलाचे चित्त दहा ठिकाणी धावले तरी बिघडत नाही, कदाचित ते उपयोगीच पडते. पण तोच मुलगा पुढे कापूस बाजाराच्या कचेरीत हिशेबनीस झाला, म्हणजे उणीव उघडी पडते. आवक नोंदताना एक ओळ सुटते. पावती खिशात राहून जाते. हप्त्याची तारीख टळते. तीन नोकऱ्या सुटल्यानंतर घरचे म्हणतात, याला कामच नको. आणि काळ लोटला, म्हणजे तोही तेच म्हणू लागतो. या आजाराची खरी हानी येथे होते. चुकलेल्या आकड्यापेक्षा स्वतःविषयी बसलेले हे चुकीचे मत अधिक महाग पडते.

असा माणूस चाळिशीत डॉक्टरांपुढे बसला, की ते प्रथम बालपण विचारतात. शाळेचे प्रगतिपुस्तक उपलब्ध नसते. आईवडिलांना वर्गातील वर्तन ठाऊक नसते, कारण त्यांनी वर्गच पाहिलेला नसतो. मग साक्ष काढावी लागते ती निराळ्या गोष्टींची. दुकानात मीठ आणावयास पाठविले तर काय घेऊन येई? बैल दावणीला बांधण्याचे किती वेळा विसरे? पंगतीत पान संपेपर्यंत बसे काय? या साक्षी मातृभाषेतच निघतात. गोंडीत किंवा मराठीत आठवणारी आई तेलुगूत किंवा इंग्रजीत छापलेल्या प्रश्नावलीपुढे गप्प होते. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने प्रौढांसाठी 18 प्रश्नांची पत्रिका तयार झाली. तिच्यातील पहिले सहा प्रश्न चाळणीसाठी वापरतात. परंतु चाळणीत उरले म्हणजे निदान झाले, असे नव्हे. निदान करणारा कान असावा लागतो आणि त्या कानाला समोरच्याची बोली कळावी लागते.

उपचारांची वाटही या भागात लांबची होती. निझामी राज्याचे मनोरुग्णालय एके काळी जालन्यास होते. 1953 साली ते हैदराबादेत एर्रागड्डा येथे गेले. आदिलाबादेहून ते सुमारे तीनशे किलोमीटर. त्या वास्तूत जावे लागणे म्हणजे वेड लागणे, असे समीकरण गावोगाव पक्के झाले. मग केवळ विसराळूपणासाठी त्या दिशेने पाऊल कोण टाकणार? 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. 1996 साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास आरंभ झाला आणि उपचार जिल्ह्याच्या गावी आणण्याचे धोरण ठरले. आदिलाबादेत 2008 साली राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी राहिली. नदीपलीकडे यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मराठी भाषकांना जवळचे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य मिळते. पहिले पाऊल आता घरातूनही टाकता येते.

तथापि सावधगिरीचे दोन शब्द आवश्यक आहेत. लक्ष लागत नाही एवढ्यावरून अवधानन्यूनता ठरत नाही. झोपेचे विकार, खिन्नता, चिंता, थायरॉइड ग्रंथीची बिघडलेली क्रिया, मद्य, या साऱ्यांनी चित्त विस्कटते. ज्याची तक्रार गेल्या वर्षीच्या नापिकीपासून सुरू झाली, त्याचे दुखणे बहुधा निराळे. लक्षणे जुनी असावीत, ती घरी व कामावर दोन्हीकडे दिसावीत आणि त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला असावा, हे पाहूनच तज्ज्ञ निर्णय देतात. शास्त्रातही वाद शिल्लक आहे. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे जन्मापासून पाहणीखाली असलेल्या पिढीविषयी 2015 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढपणी लक्षणे दिसणाऱ्या बहुतेकांना बालपणी हा विकार नव्हता असे आढळले. ते नेमके काय दर्शविते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

औषधांचीही शिस्त आहे. मेथिलफेनिडेट हे भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत येते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. अॅटोमॉक्सेटीनसारखी उत्तेजक नसलेली औषधेही आहेत. शिवाय वही, घड्याळाचा गजर, कामाचे लहान तुकडे आणि समजूतदार सोबती यांचा उपयोग औषधाइतकाच मोलाचा ठरू शकतो. चष्म्याने डोळा नवा होत नाही, पण अक्षर दिसू लागते. या उपचारांचेही तसेच आहे.

प्राचीनांनी चित्तविक्षेपाच्या यादीत व्याधी आणि आळस यांना दोन निराळी नावे दिली होती. मधल्या काळात समाजाने ती दोन्ही एकाच मापाने मोजली आणि किती तरी माणसे उगीच दोषी ठरली. सव्वादोनशे वर्षांच्या खटपटीनंतर वैद्यकाने तो भेद पुन्हा ओळखला आहे. पैनगंगेच्या काठचा एखादा हिशेबनीस उद्या धीर करून आपली कैफियत मांडावयास निघाला, तर त्याची भाषा जाणणारा कोणी तरी पलीकडे बसलेला असावा, आणि घरच्यांनी त्याला हसून परत फिरवू नये. शास्त्राने दार उघडले आहे. उंबरठ्यापर्यंत सोबत करणे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती आहे.