अशिलाची जमीन, वकिलाची फी

वाटपाचा दावा वर्षानुवर्षे चालतो, हाताशी रोकड उरत नाही, आणि ज्या जमिनीसाठी भांडण सुरू आहे तिच्याखेरीज अशिलाकडे काही नसते. मग फीपोटी जमिनीतलाच हिस्सा वकिलाच्या नावे लिहून दिला जातो. पुढे अशील किंवा त्याचे वारस ते खरेदीखत रद्द करून मागतात. अशा वादांचा कायदा हा या पुस्तकाचा विषय आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांचे इथे स्वागत आहेच; ज्यांच्या घरात असा एखादा जुना दावा आहे, त्यांनीही हे पुस्तक जरूर वाचावे.

हा कायदा एका जागी सापडत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १३६ वकिलाला दावायोग्य येणी विकत घ्यायला किंवा त्यांत वाटा ठरवायला मनाई करते; पण प्रत्यक्ष जमीन त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून जमिनीचा व्यवहार बिनधोक, असे नवखा वाचक समजतो. तसे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १११ चे पहिलेच उदाहरण अशिलाने वकिलाला केलेल्या विक्रीचे आहे, आणि व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करण्याचा भार तिथे वकिलावर टाकला आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम राहिला. माझ्या मते साऱ्या विषयाचा कणा हाच. फी खरोखर थकली होती का, याइतकेच महत्त्वाचे हे की सही करताना अशिलाला दुसऱ्या कोणाचा सल्ला मिळाला होता का. त्यामुळे दस्त हाती आला की आधी मोबदल्याचा मजकूर वाचावा. ‘रक्कम यापूर्वीच रोख मिळाली, भरून पावलो’ एवढेच तिथे असेल, आणि कोणत्या कामाची किती फी याचा हिशेब नसेल, तर वकिलाची बाजू लंगडी पडते.

अशा व्यवहारात खरेदीखताबरोबर वकिलाची सनदही धोक्यात येते. दिल्लीच्या एका वकिलाने अशिलाकडून वादातली मालमत्ता १९८२ मध्ये १,८०,००० रुपयांना घेतली आणि १९८७ मध्ये ३,४०,००० रुपयांना विकली. बार कौन्सिलने त्याची सनद वर्षभरासाठी निलंबित केली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली.

याउलट, दाव्याला पैसा पुरवून निकालातला वाटा घेणे सामान्य माणसाला सरसकट निषिद्ध नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच सांगितले. वकिलाला मात्र ती मुभा नाही. १९५४ मध्ये मुंबईतल्या एका वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीतला निम्मा वाटा ठरवणे हे व्यावसायिक गैरवर्तन मानले. हा फरक मला योग्य वाटतो, कारण सावकाराकडे अशील सल्ला मागायला जात नाही.

तरीही खरेदीखत रद्द झाल्यावर प्रामाणिकपणे केलेल्या कामाची वाजवी फी वकिलाला मिळायलाच हवी. ती कशी ठरवावी, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात केली आहे.