आणलेल्या कळा

बाळंतपणाविषयी बोलताना मराठी माणूस जे शब्द वापरतो ते मोठे अर्थपूर्ण आहेत. स्त्रीचे दिवस 'भरतात', तिला कळा 'येतात' आणि अखेर तिची 'सुटका होते'. या क्रियापदांत करणारा असा कोणी नाही. जे घडते ते आपल्या वेळेने, आपोआप घडते, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्यांत साठलेला आहे. 'कळा आणणे' हा प्रयोग या भाषेत त्या मानाने अलीकडे शिरला. आज तो धर्मग्रामातील घराघरांत ऐकू येतो. सुईणीच्या हाती सोपवलेले बाळंतपण रुग्णालयात गेले आणि कळांची वाट पाहण्याबरोबर त्या आणण्याचीही सोय झाली.

बाप्तिस्म्याची नोंद करण्यासाठी तरुण आईबाप आमच्याकडे येतात, तेव्हा बोलण्याच्या ओघात बाळंतपणाची हकीकत निघतेच. 'कळा आणाव्या लागल्या' हे सांगताना पहिलटकरणीच्या स्वरात पुष्कळदा थोडा ओशाळेपणा असतो. आपले शरीर कुठे तरी उणे पडले असे तिला वाटते. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी 'आमच्या वेळी असले काही नव्हते' असे म्हटलेले असते, ते तिच्या मनात सलत असते. एखादी अधिक श्रद्धाळू माता तर विचारते, परमेश्वराने नेमलेली घटका माणसाने अलीकडे ओढावी का? हा प्रश्न आम्हाला हलका वाटत नाही. तो नवाही नाही. अडीचशेहून अधिक वर्षे डॉक्टर आणि धर्मपंडित या प्रश्नाशी झगडत आले आहेत. त्या झगड्याची ओळख करून घेतली, तर त्या मातेचे ओझे पुष्कळ हलके होईल, असे आम्हाला वाटते.

या इतिहासाचा आरंभ मुडदूस या रोगापासून होतो. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील दाट वस्तीच्या, धुरकट शहरांत गोरगरिबांच्या मुलांना पुरेसे ऊन मिळत नसे. त्यांची हाडे मऊ राहत आणि वाकत. अशी एखादी मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की तिच्या कंबरेच्या हाडांचा घेर इतका अरुंद निघे की पूर्ण दिवसांचे बाळ त्यातून बाहेर येणे अशक्य होई. अशा वेळी सुईण आणि वैद्य यांच्यापुढे दोनच वाटा असत आणि दोन्ही भयंकर. एक, पोट फाडून बाळ काढणे. त्यात माता बहुधा वाचत नसे. दुसरी, मातेच्या प्राणांसाठी गर्भातच बाळाचे मस्तक भेदून त्याला तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढणे. एकाचा जीव राखायचा तर दुसऱ्याचा घ्यायचा, असा हा पेच होता.

यातून तिसरी वाट निघेल का, याचा विचार लंडनमध्ये झाला. १७५६ च्या सुमारास त्या शहरातील नामांकित वैद्य एकत्र बसले. दिवस पूर्ण भरण्याआधी काही आठवडे, बाळाचे डोके अजून लहान असताना, पाणमोट फोडून कळा सुरू केल्या तर माता आणि बाळ दोघेही वाचू शकतील, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे होता. या बैठकीची हकीकत टॉमस डेन्मन या प्रसूतितज्ज्ञाने पुढे लिहून ठेवली. तीतील एक गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते. या उपायाचा फायदा किती, एवढेच पाहून ते वैद्य थांबले नाहीत. तो नीतीच्या दृष्टीने योग्य आहे काय, हाही प्रश्न त्यांनी चर्चेला घेतला. अखेर त्यांनी संमती दिली. त्यानंतर डॉ. मॅकॉले यांनी लंडनच्या स्ट्रँड भागातील एका कापड व्यापाऱ्याच्या पत्नीवर हा उपाय केला आणि तो यशस्वी झाला.

ही वाट काट्यांची होती, हेही सांगितले पाहिजे. दिवस न भरलेली कित्येक बाळे जन्मल्यावर तग धरत नसत. पाणमोट फोडणाऱ्या अस्वच्छ हातांबरोबर सूतिकाज्वर आत शिरे. हात धुतल्याने हा ज्वर कमी होतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ साली दाखवले, तरी वैद्यांना ते पटायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. औषधांचीही तीच कथा. राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट या बुरशीने कळा जोरदार होतात, असे जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने १८०८ साली जाहीर केले आणि वेळ वाचवू पाहणाऱ्यांना जणू हुकमी अस्त्र सापडले. पण एकदा दिलेले अर्गट परत घेता येत नसे. गर्भाशय घट्ट आवळून राही आणि बाळ आतच गुदमरे. मृत जन्मणाऱ्या बालकांची संख्या वाढलेली पाहून न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी १८२४ साली इशारा दिला की, ही भुकटी जन्माची नसून मृत्यूची आहे.

मग थांबून राहणे हेच शहाणपण म्हणावे काय? त्याचे उत्तर इंग्लंडच्या राजघराण्यातील एका पहिलटकरणीच्या कहाणीत मिळते. राजकन्या शार्लट ही राजसिंहासनाची वारस होती. वय अवघे एकवीस. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये अपेक्षित असलेली तिची प्रसूती दोन आठवडे लांबली. ३ नोव्हेंबरला कळा सुरू झाल्या त्या जवळजवळ पन्नास तास चालल्या. तिचे वैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट हे डेन्मन यांचे जावई आणि शिष्य. निसर्गाच्या कामात शक्य तोवर हात घालू नये, ही शिकवण त्यांच्या अंगी मुरलेली. चिमटे जवळ असून त्यांनी वापरले नाहीत. ५ तारखेच्या रात्री नऊ पौंडांचा मुलगा मृत जन्मला आणि काही तासांतच राजकन्येनेही प्राण सोडला. देशभर शोक झाला आणि दोषाचे बोट क्रॉफ्ट यांच्याकडे वळले. पुढच्याच फेब्रुवारीत, तशाच एका अवघड बाळंतपणाला हजर असताना, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. माता, बाळ आणि वैद्य असे तीन बळी गेले. घाईने जीव जातात हे अर्गटने शिकवले होते. नुसत्या थांबण्यानेही ते जातात, हे या घटनेने शिकवले.

आता ख्रिस्तसभेकडे वळू. एका जिवासाठी दुसरा निष्पाप जीव जाणूनबुजून घेणे तिला कधीच मान्य होण्यासारखे नव्हते. बाळाचे मस्तक भेदण्याची क्रिया रास्त आहे असे कॅथलिक विद्यालयांतून शिकवणे सुरक्षित नाही, असे उत्तर रोमच्या पवित्र कार्यालयाने १८८४ साली लिऑनच्या आर्चबिशपांना दिले. या उत्तराने एक दार बंद झाले आणि अरुंद घेराच्या मातांचा प्रश्न उरलाच. तेव्हा मेक्सिकोतील सिनालोआच्या बिशपांनी नेमके विचारले : पूर्ण दिवसांचे बाळ मातेच्या घेरातून बाहेर येणे अशक्य असेल, तर प्रसूती लवकर घडवून आणणे रास्त आहे काय? पोप लिओ तेरावे यांच्या कारकिर्दीत, मे १८९८ मध्ये, उत्तर आले. त्याचा आशय असा की, प्रसूती अलीकडे आणणे ही गोष्ट मुळात गैर नाही. मात्र तिला न्याय्य कारण हवे आणि सर्वसाधारणपणे माता व बालक या दोघांच्याही जिवाची काळजी घेतली जाईल अशाच वेळी व अशाच रीतीने ती केली पाहिजे.

वाचकहो, हे उत्तर अगदी थोडक्यात दिलेले आहे, पण त्यात फार मोठा विचार आहे. 'नेमलेली घटका' म्हणजे दिनदर्शिकेतील एखादी तारीख, असे ख्रिस्तसभेने मानले नाही. जीव वाचवण्यासाठी बुद्धी वापरणे म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, असेही म्हटले नाही. तिने तीन गोष्टी विचारल्या : कारण काय, वेळ कोणती आणि दोघांचे हित जपले जाते आहे ना? लंडनच्या वैद्यांना पडलेला नीतीचा प्रश्न आणि रोमचे उत्तर यांच्यामध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे. पण दोन्हीकडे काळजी एकच होती.

विसाव्या शतकात साधने बदलली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना १९०६ साली आढळले. त्यातील कार्यकारी द्रव्याला ऑक्सिटोसिन हे नाव मिळाले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'शीघ्र प्रसव'. हे द्रव्य निर्सगतःच प्रत्येक मातेच्या शरीरात तयार होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते थेंबाथेंबाने शिरेतून देता येऊ लागले आणि जास्त झाले तर तत्काळ थांबवताही येऊ लागले. अर्गटमध्ये नेमकी हीच सोय नव्हती. पुढे गर्भाशयाचे मुख मऊ करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सापडली. त्यांनी कळा आणण्याचे आरंभीचे प्रयोग सुलतान करीम यांनी युगांडातील कंपाला येथे केले आणि १९६८ साली प्रसिद्ध केले. गर्भाशयाचे मुख कितपत तयार आहे हे गुणांनी मोजण्याची पद्धत १९६४ साली अमेरिकेतील एडवर्ड बिशप यांनी मांडली (बिशप हे त्यांचे आडनाव, पद नव्हे!). मात्र त्यांनी ती आधी बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी आखली होती. पहिलटकरणीचे गणित वेगळे असते.

ते वेगळे कसे, हे घरच्या मंडळींनी समजून घेतले पाहिजे. पहिल्या खेपेला गर्भाशयाचे मुख बहुधा घट्ट व मिटलेले असते. दिवस उलटले, रक्तदाब चढला, साखर वाढली किंवा पाणमोट फुटूनही कळा आल्या नाहीत, म्हणजे डॉक्टर तिला दाखल करून घेतात. आधी मुख मऊ करण्यासाठी जेल किंवा गोळी, नाहीतर रबरी नळीचा लहानसा फुगा. यातच एखादी रात्र जाते. मग गरज पडल्यास पाणमोट फोडतात आणि सलाईनमधून औषध सुरू करून ठराविक वेळाने ते थोडे थोडे वाढवतात. पोटावर पट्टे बांधून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले जातात, त्यामुळे तिला मोकळे हिंडताफिरता येत नाही. आपोआप आलेल्या कळा हळूहळू चढत जातात आणि मनाला सवय करतात. आणलेल्या कळा कित्येकींना एकदम अंगावर आल्यासारख्या वाटतात. दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंत चोवीस तास, कधी त्याहून अधिक लागतात. यात काही बिघडले असे नसते. पण बाहेर बसलेले नातेवाईक दर तासाला 'अजून नाही का?' म्हणून विचारतात आणि आत ती स्वतःलाच दोष देऊ लागते.

सोय वाढली की मोहही वाढतो. इंग्लंड व वेल्समध्ये १९७४ च्या सुमारास शंभरांपैकी जवळजवळ चाळीस प्रसूती कळा आणून होऊ लागल्या. आपले बाळंतपण रुग्णालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते, आपल्याला कोणी विचारत नाही, अशी तक्रार तेथील मातांनी केली आणि ते प्रमाण पुढे खाली आले. उलट, २०१८ साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींची पाहणी प्रसिद्ध झाली. कोणताही धोका नसलेल्या ज्या स्त्रियांच्या कळा एकोणचाळिसाव्या आठवड्यात आणल्या, त्यांच्यातील १८.६ टक्के स्त्रियांवर सिझेरियन करावे लागले. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांच्यात हे प्रमाण २२.२ टक्के होते. म्हणजे कळा आणल्या की शस्त्रक्रिया ठरलेलीच, ही सर्वत्र पसरलेली भीती सरसकट खरी नाही. तसेच, सर्वांच्याच कळा आणाव्यात असाही याचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती एक्केचाळीस आठवडे निश्चितपणे पूर्ण झालेल्या मातांसाठी.

आणखी एक धडा डब्लिनचा. तेथील राष्ट्रीय प्रसूतिगृहात कीरन ओ'ड्रिस्कॉल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पहिलटकरणींची कळांची लांबण कमी करण्याची एक पद्धत सुरू केली. सुरू झालेल्या कळा मंदावल्या तर ऑक्सिटोसिन देत. पण त्याच पद्धतीचा दुसरा नियम असा होता की, प्रत्येक मातेजवळ एक परिचारिका अखेरपर्यंत सतत हजर राहील. जगाने औषधाचा भाग झटकन उचलला, सोबतीचा भाग मात्र मागे राहिला. मातेजवळ कोणी सतत असले की प्रसूती अधिक सुखरूप होते, हे नंतरच्या अनेक पाहण्यांनी दाखवून दिले आहे. आपल्या देशात २०१७ साली सुरू झालेल्या 'लक्ष्य' या शासकीय कार्यक्रमानेही प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्यावर भर दिला आहे.

राहिला वेदनेचा प्रश्न. बाळंतपणाच्या कळा हा हव्वेला झालेला दंड, तो सोसलाच पाहिजे, अशी समजूत आजही कोठे कोठे आढळते. पोप पायस बारावे यांनी जानेवारी १९५६ मध्ये डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात या समजुतीचे निराकरण केले आहे. वेदना कमी करण्याचा प्रयत्न पवित्र शास्त्राच्या विरुद्ध नाही, असे त्यांनी सांगितले. आणि प्रभू येशूने अखेरच्या भोजनाच्या रात्री शिष्यांना प्रसववेदनेचाच दाखला दिला, तेव्हा त्याने दंडाची आठवण केली नाही. घटका आल्यावर होणारे दुःख आणि बाळ जन्मल्यावर होणारा आनंद, एवढेच तो बोलला. ती घटका कशी आली, आपोआप की औषधाने, यावर तो आनंद अवलंबून नाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे आहे. आणलेल्या कळांनी झालेली आई दुय्यम आई नव्हे. तिने सोसलेले थोडे नाही, बहुधा अधिकच आहे. डॉक्टर कळा आणण्याचा सल्ला देतील तेव्हा कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि प्रथम तो त्या मातेचा आहे. संमती तिची हवी. परदेशातून आलेल्या भावाची रजा संपते, सणाचा दिवस साधायचा आहे किंवा अमुक तारीख शुभ आहे, ही न्याय्य कारणे नव्हेत. आणि ती आत गेली की बाहेर बसून घड्याळ पाहू नका. रुग्णालयाने परवानगी दिली तर तिच्या आईने, सासूने किंवा नवऱ्याने तिच्या उशाशी बसावे, तिचा हात धरावा आणि घाई नाही एवढेच तिला सांगावे.