इंजिन तापलं की ऑइल प्रेशर का उतरतं? बाईकचा काटा आणि लाल दिवा समजून घ्या

अकोल्याच्या जुन्या शहरातून निघून दगडी पुलावरून मोर्णा ओलांडायची म्हटलं, तर गर्दीच्या वेळी बाईक पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. त्यात मे महिना, पारा ४४-४५ वर. ज्यांनी बाईकला बाहेरून ऑइल प्रेशरचा काटा बसवून घेतलाय, त्यांना अशा वेळी तो सकाळपेक्षा बराच खाली दिसतो. लगेच मनात येतं, पंप गेला का? बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो. पण "होते असं" म्हणून दुर्लक्ष करणंही बरं नाही. कारण खरंच प्रेशर गेलं, तर इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकतं आणि मग पिस्टन-बोअरपासून क्रँकपर्यंतचा खर्च समोर येतो.

प्रेशर तयार कुठे होतं?

ऑइल पंप प्रेशर "बनवत" नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं ऑइल पुढे. पुढच्या बारीक छिद्रांतून आणि बेअरिंगच्या फटींतून जाताना त्याला जो अडथळा होतो, तो म्हणजे प्रेशर. नळाच्या पाइपावर अंगठा दाबला की धार जोरात उडते. नळ तोच, पाणीही तेवढंच, फक्त वाट अडली.

आता या पाइपातून एकदा काकवी आणि एकदा पाणी ढकलतोय असं समजा. काकवीला जोर जास्त लागेल, म्हणजे प्रेशर जास्त. थंड ऑइल काकवीसारखं असतं, तापलेलं ऑइल पाण्याकडे झुकतं.

आकड्यांत बघू. ऑइलचा घट्टपणा सेंटिस्टोक्समध्ये मोजतात, साध्या पाण्याचा तो साधारण १ असतो. १०डब्ल्यू-३० ऑइलचा ४० अंशांना साधारण ७० आणि १०० अंशांना १०-११ असतो. (प्रयोगशाळेतलं हे ४० अंश म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यातली सावली!) डिसेंबरातल्या १०-१२ अंशांच्या पहाटे तेच ऑइल ३०० च्या वर जातं. आणि गर्दीत रखडून ऑइल १२० अंशांपर्यंत तापलं, तर ७ च्या आसपास उरतं. म्हणजे त्याच डब्यातल्या ऑइलचा घट्टपणा चाळीस-पन्नास पटींनी बदलला. काटा तेवढा पडत नाही, कारण थंड असताना रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचं प्रेशर सोडून देतो.

म्हणूनच पहाटे स्टार्ट करून लगेच जोरात रेस देणं चुकीचं. काटा वर असतो, पण घट्ट ऑइल हेडपर्यंत पोचायला वेळ घेतं. काट्यावर प्रेशर दिसलं म्हणजे ऑइल सगळीकडे पोचलं, असं नाही.

"माझ्या मित्राच्या गाडीला तर एवढं दाखवते"

ही तुलना सोडून द्या. स्प्लेंडरसारख्या सिंगल सिलिंडर इंजिनात क्रँकच्या कनेक्टिंग रॉडला रोलर बेअरिंग असतं. त्याला कमी प्रेशरचं ऑइलही पुरतं, फक्त ते सतत मिळायला हवं. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये साधी शेल बेअरिंग आहेत. तिथे शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे प्रेशरला महत्त्व जास्त. एका गाडीत जे प्रेशर नॉर्मल, ते दुसरीत धोक्याचं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रेशरच्या आकड्यासोबत ऑइलचं तापमान आणि आरपीएम दोन्ही दिलेले असतात. या दोन गोष्टींशिवाय आकड्याला अर्थ नाही. गाडी तापलेली असताना, मॅन्युअलमधल्या आरपीएमला आकडा जुळला, की झालं.

लाल दिवा

बऱ्याच बाईकना काटा नसतो, काहींना ऑइलच्या झारीचं चिन्ह असलेला लाल दिवा असतो. त्यामागे साधा स्विच आहे. प्रेशर साधारण ०.२ ते ०.५ बारच्या खाली गेलं की दिवा लागतो. त्यामुळे दिवा बंद आहे म्हणजे सगळं छान आहे असं समजू नका. तो शेवटचा इशारा आहे. काही मॉडेलमध्ये असा दिवा प्रेशरचा नसून ऑइलच्या लेव्हलचा असतो, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

चावी फिरवल्यावर दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझायला हवा. तापलेल्या गाडीत सिग्नलला उभं असताना फडफडला आणि थोडी रेस देताच विझला, तर त्याच दिवशी आधी लेव्हल तपासा. मुख्य स्टँडवर गाडी सरळ उभी करून, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करायचं, आणि तेवढाच वेळ थांबून मग बघायचं. लेव्हल बरोबर असूनही फडफडतोय, तर मेकॅनिककडे. चालत्या गाडीत दिवा लागून तसाच राहिला, तर जिथे आहात तिथे इंजिन बंद. "घर दोनच किलोमीटरवर आहे" हा हिशोब इथे चालत नाही.

मग घट्ट ऑइल टाकू का?

"उन्हाळा आहे भाऊ, २०डब्ल्यू-५० टाकून घे" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. मॅन्युअलच्या तक्त्यात तो ग्रेड असेल तर खुशाल टाका. नसेल तर काटा वर जाईल, पण बारीक वाटांतून ऑइल कमी जाईल आणि झिजलेलं बेअरिंग असेल तर तेही झाकलं जाईल. ताप उतरवला, आजार तसाच.

खरं दुर्लक्ष होतं ते जुन्या ऑइलकडे. मल्टिग्रेड ऑइलमध्ये लांब साखळीचे पॉलिमर असतात. तापल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये, हे त्यांचं काम. बहुतेक बाईकमध्ये तेच ऑइल गिअरबॉक्समधूनही फिरतं. गिअरच्या दातांत हे पॉलिमर कातरले जातात आणि ऑइल आपला ग्रेड सोडून पातळ होत जातं. तापल्यावरचं प्रेशर महिन्यागणिक खाली सरकतंय, तर आधी शेवटचं ऑइल कधी बदललं ते आठवा. नवीन घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

आणि मोबाइलवालं. ओबीडी ॲडॉप्टर लावून ॲपमध्ये ऑइल प्रेशर बघता येईल का, हे खूप जण विचारतात. ओबीडीच्या प्रमाणित यादीत ऑइलच्या तापमानासाठी कोड आहे, प्रेशरसाठी नाही. शिवाय दिव्यामागचा स्विच फक्त "आहे" किंवा "नाही" एवढंच सांगतो, आकडा नाही. सेन्सरच नसताना एखादं ॲप प्रेशरचा सुंदर डायल फिरवून दाखवत असेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका. खरा आकडा हवा असेल, तर मेकॅनिककडून प्रेशर गेज जोडून, गाडी तापवून मोजून घ्यावा लागतो.