भाड्याची पावती कोणासाठी?

पळसदरी हे बोरघाटाच्या पायथ्याचे छोटेसे स्टेशन. १८५६ साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली ती याच वाटेने. पुढे या परिसरात खोली घेऊन रोज लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार वाढला. कचेरीत करबचतीचे पुरावे मागण्याचे दिवस आले की त्याची भाड्याच्या पावत्यांसाठी धावपळ सुरू होई. पण या चिटोऱ्याचा इतिहास प्राप्तिकरापासून सुरू होत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरे अपुरी पडली, भाडी भडकली. १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडे घेणाऱ्या मालकावर लेखी पावती देण्याचे बंधन घातले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानेही ते बंधन कायम ठेवले. कारण उघड आहे. पावती नसली की 'हा माझा भाडेकरूच नाही' म्हणायला मालक मोकळा. चाळकऱ्यांनी ट्रंकेच्या तळाशी पावत्या जपल्या त्या कर वाचवायला नव्हे, डोक्यावरचे छप्पर वाचवायला.

कराचा संबंध नंतर आला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन घरभाडे भत्त्याला सूट मिळाली. त्या कायद्याखाली हिशेब तीन आकड्यांचा होता. एक, मिळालेला भत्ता. दोन, भरलेल्या भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा जाता उरलेली रक्कम. तीन, पगाराचे ४० टक्के. घर मुंबईसारख्या महानगरात असेल तर ५० टक्के. यांत जो आकडा सर्वांत लहान, तेवढी सूट. समजा, पळसदरीत राहणाऱ्या कारकुनाचा हिशेबात धरायचा पगार २०,००० रुपये, भत्ता ४,००० आणि भाडे ५,०००. भाड्यातून २,००० वजा जाता उरले ३,०००. पगाराचे ४० टक्के म्हणजे ८,०००. सूट मिळणार ३,००० रुपयांना.

इथून पावतीची गंमत झाली. खरे भाडे भरणाऱ्याला ती मिळेना, कारण आपले उत्पन्न कागदावर यायला मालक तयार नसे. उलट काही जण न भरलेल्या भाड्याच्या पावत्या फाडू लागले. २०१७ साली मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने एका मुलीचा दावा फेटाळला. आईला रोख भाडे दिल्याच्या पावत्या तिच्याकडे होत्या. बँकेतून पैसे काढल्याची नोंद किंवा ती तिथे राहत असल्याचा पुरावा नव्हता. आईला भाडे देण्यात गैर काही नाही, पण ते खरोखर दिलेले हवे.

आता चित्र पुन्हा बदलले आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सूट नाही. त्यासाठी जुनी पद्धत मुद्दाम निवडावी लागते. म्हणजे पुष्कळ भाडेकरू पावती मागायचेच सोडून देणार. मला काळजी वाटते ती याची.

मी स्वतः बरीच वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. संपादकांना कविता पाठवताना पाकिटावर जो पत्ता लिहीत असे, तो माझा आहे हे सांगणारा एकच कागद माझ्यापाशी होता, भाड्याची पावती. रेशनकार्डाच्या अर्जाला मी तीच जोडली होती.

आज भाडे मोबाइलवरून जाते. बँक सांगते की एवढी रक्कम अमक्याला गेली. पण ती कोणत्या खोलीची, कोणत्या महिन्याची आणि कोणत्या नात्याने, हे पावतीच सांगते. तेव्हा कर वाचो न वाचो, भाडेकरूने पावती मागावी आणि मालकाने ती द्यावी. कराची सूट येते-जाते. राहत्या घराचा पुरावा मात्र कधी लागेल ते सांगता येत नाही.