दूरदेशी ठेवलेले दप्तर

जेमतेम १३ लाख लोकसंख्येच्या एस्टोनियाने आपल्या राज्यकारभाराच्या दप्तराची एक प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली आहे. सगळ्या दप्तराची नव्हे, निवडक नोंदींची. या निवडीमागे अर्ध्या शतकाच्या पारतंत्र्याचा अनुभव आहे.

१९४० साली सोव्हिएत संघाने हा देश गिळंकृत केला. १९४१ ते १९४४ जर्मन अंमल, त्यानंतर १९९१पर्यंत पुन्हा सोव्हिएत सत्ता. अमेरिकेने हे विलीनीकरण कधीच मान्य केले नाही, म्हणून न्यू यॉर्कमधील एस्टोनियाची वाणिज्य वकिलात सारा काळ चालू राहिली. भूमी गेली तरी राज्याचे एक कार्यालय परदेशात जिवंत होते. १९९१ साली जप्त मालमत्ता मूळ मालकांना वा वारसांना परत करण्याचा कायदा झाला, तेव्हा १९४०पूर्वी कोणाचे काय होते हे दाखवणाऱ्या जुन्या कागदांना सोन्याचे मोल आले.

पुढे या देशाने कागदच सोडला. राजपत्रही २०१०पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघते. एप्रिल २००७ मध्ये ताल्लिन येथील सोव्हिएतकालीन कांस्यसैनिकाचा पुतळा हलवण्यावरून दंगल उसळली आणि पाठोपाठ सरकारी संकेतस्थळे, बँका व वृत्तपत्रे यांवर सायबरहल्ले झाले. नोंदी संगणकावर असतील, तर त्या एकाच देशात ठेवणे किती धोक्याचे, हा प्रश्न आता टाळता येत नव्हता.

२० जून २०१७ रोजी एस्टोनिया व लक्झेंबर्ग यांच्या पंतप्रधानांनी ‘डेटा वकिलाती’च्या करारावर सह्या केल्या. (येथे राजदूत नाही आणि व्हिसाही मिळत नाही, आहेत ते केवळ सर्व्हर.) १९६१च्या व्हिएन्ना कराराने वकिलातींना संरक्षण दिले खरे, पण सर्व्हरच्या खोलीची कल्पना त्या काळी कोण करणार? म्हणून स्वतंत्र करार करावा लागला. त्यानुसार ही जागा अनुल्लंघनीय आहे. एस्टोनियाच्या संमतीविना यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनाही तेथे पाऊल ठेवता येत नाही.

आरंभी दहा नोंदसंच निवडले गेले. जमिनीची मालकी आणि तिच्या सीमा, लोकसंख्या, ओळखपत्रे, करदाते, कंपन्या, निवृत्तिवेतन, कोषागार, न्यायालयीन प्रकरणे आणि राजपत्र. जमिनीच्या दोन वेगळ्या नोंदवह्या या यादीत असाव्यात, यात १९९१च्या मालमत्तावादांची आठवण दिसते.

ही प्रत नुसती जपून ठेवण्यासाठी नाही. ताल्लिनमधील यंत्रणा बंद पडली किंवा परक्यांच्या हाती गेली, तर लक्झेंबर्गमधून महत्त्वाच्या सेवा चालवता याव्यात, अशी ही योजना आहे.