चित्त्याकरवी हरणाची शिकार (कोल्हापूर)

कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ता सोडून काळविटाची शिकार करण्याची पद्धत. शाहू छत्रपती (कारकीर्द १८९४–१९२२) आणि राजाराम महाराज (१९२२–४०) यांच्या काळात ती भरात होती. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले.

शिकारीचा दिवस बैलगाडीने सुरू होई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसलेला असे. हरणांना बैलगाडी रोजचीच. त्यामुळे ती कळपाच्या बरीच जवळ नेता येई. मग चित्ता सांभाळणारा चित्तेवान टोपी काढून साखळी सोडी. काळा नर हेरून चित्ता झेपावे, पुढच्या पंजाने त्याला पाडी आणि नरडे धरी. सारा खेळ काही सेकंदांचा. काही शे मीटरांत हरीण हाती लागले नाही, तर दमलेला चित्ता पाठलाग सोडून देई. शिकार साधली, तर चित्तेवान धावत येऊन चित्त्याला हरणाचे रक्त किंवा मांसाचा तुकडा देई. तो खाण्यात गुंतला की टोपी पुन्हा डोळ्यांवर. खरे कसब या माणसाचे, पण छायाचित्रांत मान राजांचा.

पुढे शिकारीत चित्त्याऐवजी रायफल सर्रास झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण मिळाले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्येच जाहीर झाले होते. संस्थानचे दाजीपूरचे शिकारीचे रान आज राधानगरी अभयारण्यात असून ते गव्यांसाठी प्रसिद्ध आहे.