डिकी नसलेली गाडी: टाटा इस्टेट आणि डिझेलचा हिशोब

हेडफोन लावलेत? चला मग. आजचा भाग एका अशा गाडीवर आहे जी तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी रस्त्यावर कधी पाहिलीच नसेल, आणि उरलेल्यांना कुठल्यातरी काकांच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली आठवत असेल. टाटा इस्टेट. १९९२ ची.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे इस्टेट म्हटलं की जमीनजुमला, सातबारा, भाऊबंदकी. गाडीचं नाव इस्टेट कसं? तर हा इंग्लंडचा शब्द. तिथल्या जमीनदारांच्या अफाट मळ्यांवर कुत्री, बंदुका, पाहुणे आणि त्यांचं सामान एकत्र न्यायला मागे लांब छप्पर असलेली गाडी लागायची. तिचं नाव पडलं इस्टेट कार. अमेरिकेत हीच गाडी रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि ट्रंका आणायची, म्हणून तिकडे ती स्टेशन वॅगन. गंमत बघा, एकाच आकाराच्या गाडीला एका देशाने जमीनदाराचं नाव दिलं आणि दुसऱ्याने हमालीचं. आकार मात्र साधा: छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत, वेगळी डिकी नाही, मागचं दार वर उघडतं, आणि मागची सीट पाडली की आत अख्खं कपाट आडवं बसतं.

आता भारतात येऊ. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घरात गाडी असलीच तर ती बहुतेक तीनपैकी एक: अँबॅसिडर, पद्मिनी, किंवा १९८३ च्या डिसेंबरनंतर मारुती ८००. पद्मिनी म्हणजे आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे फियाटशी जमलं, आणि ११०० डिलाइट नावाची इटालियन गाडी १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, पेट्रोल. बऱ्याच जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा तुमच्या फोनवरही ते फोटो आले असतील.

अशा घरात पंधरा वर्षांची पद्मिनी असली की काय व्हायचं? पत्रा खालून गंजलेला, दारं हिसका दिल्याशिवाय लागत नाहीत, घाटात रेडिएटरला पाणी पाजायला थांबायचं. पण माणसं वाढलेली. आजी-आजोबा, दोन मुलं, गावाहून येताना तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या. आणि पेट्रोल महाग. आता दुसरी गाडी घ्यायची, पण कोणती, हा प्रश्न नव्वदच्या दशकात पहिल्यांदा खरा प्रश्न झाला. कारण त्याआधी निवडायला होतं काय?

त्यात डिझेल कुठून आलं, हे समजायला सरकारचं डोकं समजून घ्यावं लागतं. तेलाचे दर तेव्हा सरकार ठरवायचं. डिझेल म्हणजे ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, शेतातला पंप. ते महाग झालं तर भाजी महाग, धान्य महाग, सगळंच महाग. म्हणून ते मुद्दाम स्वस्त ठेवलेलं. पेट्रोल म्हणजे स्कूटर-मोटारवाल्यांचं, म्हणून त्यावर भरपूर कर. नव्वदच्या दशकात डिझेलचा लिटरचा दर पेट्रोलच्या साधारण निम्मा, कधी त्याहूनही कमी असायचा. म्हणजे शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या स्वस्त दरात एक भोक होतं, आणि त्या भोकातून डिझेलची मोटारगाडी आरामात आत जाऊ शकत होती. अडचण इतकीच की गाड्याच नव्हत्या. अँबॅसिडरने १९८० च्या सुमारास १४८९ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं होतं, ताकद जेमतेम ३७ हॉर्सपॉवर. चढावर ती गाडी म्हणजे संयमाची परीक्षा.

मग यात टेल्को उतरली. आज जिला टाटा मोटर्स म्हणतो ती २००३ पर्यंत टेल्को होती: टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवायला सुरू झालेली. १९५४ पासून जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक. १९६६ पासून पुण्याचा कारखाना उभा राहिला. पिंपरी-चिंचवडचं आजचं रूप ज्या कारखान्यांनी घडवलं त्यांतला हा एक मोठा. त्यांच्याकडे काय होतं? डिझेल इंजिन, मजबूत चासी आणि ट्रक बनवण्याचा चाळीस वर्षांचा हात. काय नव्हतं? मोटारगाडीचा अनुभव, शून्य.

म्हणून त्यांनी जे केलं ते आमच्या धंद्यात रोज होतं. नवीन कोड लिहायचा नाही, जुन्यावर नवा चेहरा चढवायचा. १९८८ मध्ये त्यांनी टाटा मोबाइल २०६ नावाचा पिकअप काढला होता (मोबाइल म्हणजे फोन नव्हे हां, तो यायला अजून वेळ होता). त्याच चासीवर १९९१ मध्ये आली तीन दारांची सिएरा, आणि १९९२ मध्ये पाच दारांची इस्टेट. इंजिन तेच, १९४८ सीसीचं डिझेल, साधारण ६८ हॉर्सपॉवर, पाच गिअर, जोर मागच्या चाकांना. म्हणजे वरून साहेबी मोटार आणि खालून टेम्पो. दिसायला मात्र राजेशाही. त्या काळच्या मर्सिडीजच्या लांबड्या गाडीशी तिचं साम्य इतकं होतं की आजही जुन्या गाड्यांचे शौकीन पहिलं वाक्य तेच बोलतात.

माझ्या मते टेल्कोने इथे एक धाडस केलं आणि एक मोठा गैरसमजही करून घेतला. धाडस म्हणजे १९९३ ला मोटारींचं लायसन्सराज संपायच्याही आधी इथल्याच इंजिनिअरांनी भारतात बनवलेली गाडी बाजारात आणली. गैरसमज म्हणजे भारतीय कुटुंबाला जागा हवी म्हणजे लांब मागचा भाग हवा, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे जागा म्हणजे सीट. सामान काय, टपावर बांधता येतं! आणि वेगळी डिकी दिसली की ती 'गाडी'. डिकी नसली की शेजारी विचारणार, ही काय रुग्णवाहिका का?

हे टेल्कोलाही लवकर कळलं असावं. कारण १९९४ मध्ये त्याच चासीवर, त्याच इंजिनवर त्यांनी सुमो काढली. नाव सुमंत मुळगावकरांचं: सु आणि मो. पुण्याचा कारखाना उभा करणारे, टेल्कोचे कर्तेधर्ते, १९८९ मध्ये वारलेले. सुमो दिसायला खोका, पण आत दहा माणसं. लग्नाचं वऱ्हाड, वडाप, सरकारी ऑफिस, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे सुमो. आणि तीच इंजिन-गिअरबॉक्सची जोडी पोटात घेऊन इस्टेट शोरूममध्ये उभीच. २००० च्या आसपास ती बंद झाली.

पण थांबा. नव्या बाजारात हरलेली गाडी जुन्या बाजारात कधीकधी सोनं असते. ज्या गाडीला मागणी नाही तिचा भाव पडतो. नव्वदच्या शेवटी चार-पाच वर्षांची इस्टेट पुन्हा विकायला आली की ती पद्मिनी विकून भर घालून घेता येईल अशा टप्प्यात यायची. आणि सुमोमुळे तिचे इंजिनाचे पार्ट गल्लीबोळात मिळायचे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. नवी गाडी घेणाऱ्याला जो तोटा, तोच जुनी घेणाऱ्याचा फायदा.

घ्यायची की नाही याचा हिशोब करून बघू. आकडे समजण्यासाठी घेतोय. समजा दोन्ही गाड्या लिटरला ११ किलोमीटर देतात, आणि डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे १२ रुपयांनी स्वस्त आहे. महिन्याला १,००० किलोमीटर फिरलात तर साधारण ९१ लिटर लागणार, म्हणजे महिन्याला जवळपास १,०९० रुपये वाचले. वर्षाला १३,०००. नव्वदच्या दशकातल्या पगारात हा आकडा घरात जाणवायचा. पण तुमचं फिरणं महिन्याला ३०० किलोमीटरच असेल तर? २७ लिटर, सव्वातीनशे रुपये. वर्षाला चार हजारांच्याही आत. एकदा डिझेल पंप आणि नोझल उघडायची वेळ आली की तेवढे एका दुपारी जातात. म्हणजे ही गाडी गावाला वारंवार जाणाऱ्या, फिरतीचा धंदा असणाऱ्या घराची. फक्त रविवारी देवदर्शनाला जाणाऱ्याने पद्मिनीचा पत्रा मारून घ्यावा, हेच शहाणपणाचं.

आणि जुनी डिझेल गाडी बघायची कशी, हे तेव्हाचे मिस्त्री पोरांना शिकवायचे ते अजूनही खरं आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी प्लग देतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही; हवा इतकी दाबायची, साधारण विसाव्या-बाविसाव्या हिश्शापर्यंत, की ती तापून त्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. रिंगा झिजल्या की दाब पळतो. म्हणून नियम पहिला: इंजिन थंड असताना बघायला जायचं. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर चहा प्या आणि घरी या, कारण थंड इंजिनाने एका झटक्यात चालू होणं हीच खरी परीक्षा. मग धूर. चालू करताना थोडा पांढरा धूर, ठीक. दाबून पळवल्यावर काळा धूर म्हणजे नोझल नाहीतर एअर फिल्टर. निळा धूर दिसला की ऑइल जळतंय, खिसा सांभाळा. शेवटी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करायचं. त्यातून भसाभस वाफ येत असेल तर दाब खाली पळतोय, इंजिन उघडावं लागणार. मीटरवरचे किलोमीटर? ते वाचायचे आणि विसरायचे.

कागदांचं पण तेच. पासिंग, कर, विमा, बँकेचा बोजा उतरलाय का, आणि फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. हे दोन नंबर आजही बदललेले नाहीत. गाडी विकली पण नावावर राहिली, आणि पुढच्याने अपघात केला, की नोटीस जुन्या मालकाच्या दारात.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आली, डिझेल आता छोट्या गाडीत मिळायला लागलं, आणि इस्टेटचं एकमेव शस्त्र गेलं. तरी कंपन्यांची हौस फिटली नव्हती. मारुतीने बलेनो अल्टुरा काढली, ओपेलने कोर्सा स्विंग, स्कोडाने ऑक्टेव्हिया कॉम्बी, आणि खुद्द टाटांनी २००४ मध्ये इंडिगो मरिना, त्यातही डिझेल. एकही टिकली नाही. ज्यांना लांब गाडी हवी होती त्यांना उंच गाडी जास्त आवडली.

आणि ते भोक? तेही बुजलं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर बाजारावर सोडले, डिझेल मात्र धरून ठेवलं, त्यामुळे दोन्हींतली दरी फुगली आणि डिझेल गाड्यांवर उड्या पडल्या. मग जानेवारी २०१३ पासून दरमहा थोडं थोडं वाढवत ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळं केलं. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल बनवणंच थांबवलं. दिल्लीत तर हरित लवादाने २०१५ मध्येच दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुढे चालवता येते. म्हणून दिल्लीतली नऊ वर्षांची चकचकीत डिझेल गाडी इकडे स्वस्तात विकायला आलेली दिसली तर ती स्वस्त का आहे ते आता तुम्हाला कळेल. ती घेताना फॉर्म २८, म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, आणि इथे नव्याने भरायचा कर, दोन्ही किमतीत धरा. शिवाय बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर तापावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर, सिग्नलला थांबत, अशाने ती तुंबते, आणि तिचं बिल नोझलच्या बिलासारखं गोड नसतं.

म्हणजे महिन्याला ३०० किलोमीटरवाल्याचं उत्तर तीस वर्षांत बदललेलं नाही.

तुमच्या घरी किंवा ओळखीत इस्टेट असेल, चालू किंवा ताडपत्रीखालची, तर फोटो पाठवा. मागच्या काचेतून काढलेला असेल तर उत्तम, त्यात मागे बसवलेली पोरं दिसतात. पुढच्या भागात सुमो आणि वडाप. भेटूच.